पोलारिमीटरवरून स्पेसिफिक रोटेशन आणि ईई कसा काढायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ताळगाव पठारावर गोवा युनिव्हर्सिटीत असाल, मडगाव-म्हापसा-फोंड्याच्या एखाद्या कॉलेजात एमएस्सी करत असाल किंवा पणजीत फार्मसीला असाल, कधी ना कधी एक कायरल कंपाउंड (ज्याच्या रेणूला आरशातला वेगळा जुळा असतो असं) तुमच्या हातात येतंच आणि सर किंवा मॅडम सांगतात, याचं रोटेशन घे आणि ईई (एनन्शिओमेरिक एक्सेस, म्हणजे दोन जुळ्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा किती टक्के जास्त आहे) काढ. पुस्तकात सूत्र एका ओळीचं आहे त्यामुळे वाटतं पाच मिनिटांचं काम, आणि मग रीडिंग दर वेळी वेगळं, लिटरेचरशी जुळत नाही, कधी ईई १०८ टक्के येतो. मी हे काम एमएस्सीपासून करतेय आणि मला जी माहिती सीनियर्सकडून, मॅन्युअलमधून आणि पेपर्सच्या एक्सपेरिमेंटल सेक्शनमधून तुकड्या-तुकड्यांत मिळाली ती इथे एकत्र लिहिते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. चुकीच्या ईईचं कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतं. ते असतं वजनात, ओल्या सॅम्पलमध्ये, चुकीच्या सॉल्व्हंटमध्ये किंवा भलत्याच लिटरेचर व्हॅल्यूशी तुलना करण्यात. म्हणून खाली मशीनच्या आधीच्या स्टेप्सवर मी जास्त लिहिलंय, त्या गाळून थेट सूत्रावर जाऊ नका.

बेसिक एवढंच लक्षात ठेवा. कायरल रेणूचे दोन आरशातले जुळे प्रकार (एनन्शिओमर), ते पोलराइज्ड लाईटचं प्रतल सारख्याच कोनातून पण विरुद्ध दिशेला फिरवतात. दोन्ही समान असले (रॅसेमिक) तर एकूण रोटेशन शून्य. एक जास्त असला तर जेवढा जास्त तेवढं रोटेशन. हे रोटेशन पोलारिमीटर मोजतो, आणि ट्यूबच्या लांबीने आणि कॉन्सन्ट्रेशनने भागलं की स्पेसिफिक रोटेशन मिळतं. उजवीकडे फिरलं तर प्लस, डावीकडे फिरलं तर मायनस, आणि उजवं-डावं ठरवायचं लाईटच्या स्रोताकडे तोंड करून बघणाऱ्याच्या बाजूने. प्लस-मायनसचा आणि आर-एसचा (कायरल कार्बनभोवतीच्या रचनेवरून दोन जुळ्यांना दिलेली नावं) काहीही संबंध नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. एस-लॅक्टिक ॲसिड प्लस आहे आणि त्याचंच सोडियम सॉल्ट मायनस, आणि कायरल कार्बन मात्र तोच, त्याला कोणी हातही लावलेला नाही.

काय काय लागेल

- पोलारिमीटर, मॅन्युअल किंवा डिजिटल, सोडियम लॅम्पवाला (५८९ नॅनोमीटर, यालाच डी लाईन म्हणतात)
- ट्यूब: १ डेसिमीटर म्हणजे १० सेंमीची नेहमीची, शक्य असेल तर ०.५ आणि २ डेसिमीटरचीपण
- चार डेसिमलचा बॅलन्स
- ५, १० किंवा २५ एमएलचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क (मेजरिंग सिलिंडर नको, बीकर तर अजिबात नको)
- शुद्ध सॉल्व्हंट, ज्या बाटलीतून सोल्युशन बनवणार त्याच बाटलीतला ब्लँकसाठी
- सिरिंज फिल्टर, ०.४५ मायक्रॉनचा पीटीएफई
- लेन्स साफ करायचा टिश्यू, थर्मामीटर
- तुमच्या कंपाउंडची लिटरेचर व्हॅल्यू, सॉल्व्हंट, कॉन्सन्ट्रेशन आणि टेम्परेचरसकट
- तपासणीसाठी शुद्ध सुक्रोज
- एचपीएलसी (कॉलममधून दोन एनन्शिओमर वेगळे करणारं मशीन, स्टेप ११) करणार असाल तर त्याच कंपाउंडचं रॅसेमिक सॅम्पल

१. सॅम्पल आधी शुद्ध आणि कोरडं करा

ही स्टेप सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. सूत्रात तुम्ही जे वजन टाकता ते शंभर टक्के तुमचंच कंपाउंड आहे असं सूत्र धरून चालतं. समजा १०० मिलीग्रॅम घेतलं आणि त्यात ६ मिलीग्रॅम इथाइल ॲसिटेट अडकून राहिलंय, तर खरं कंपाउंड ९४ मिलीग्रॅमच आहे, म्हणजे सॅम्पल एकदम शुद्ध एनन्शिओमर असलं तरी तुमचा हिशोब ९४ टक्के दाखवणार. मग तुम्ही रिॲक्शनला दोष देत बसणार, कॅटॅलिस्ट बदलणार, आणि दोष होता नीट न सुकवलेल्या फ्लास्कचा. त्यामुळे आधी एनएमआर काढा आणि सॉल्व्हंटचे पीक शिल्लक आहेत का ते बघा, असतील तर परत हाय व्हॅक्युमला लावा.

गोव्यात जून ते सप्टेंबर हा प्रश्न दुप्पट होतो. पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की अमिनो ॲसिडची सॉल्ट्स, हायड्रॉक्सी ॲसिड, साखरेची डेरिव्हेटिव्ह असली पाणी ओढणारी सॅम्पल्स बॅलन्सवर ठेवल्या-ठेवल्या आकडा चढायला लागतो. डेसिकेटरमधली सिलिका निळी आहे की गुलाबी ते बघा (नारिंगीवाली असेल तर तिचा रंग बघा), गुलाबी झालेली सिलिका असलेला डेसिकेटर म्हणजे नुसतं झाकण लावलेलं भांडं. वायल आधी टेअर करून ठेवा, सॅम्पल पटकन घाला, आकडा टिपा, झाकण लावा.

अमाईन असेल तर अजून एक. १-फिनाइलइथाइलअमाईनसारखं लिक्विड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून वर पांढरा थर आणतं. तो थर दिसला तर ते सॅम्पल मोजू नका, परत डिस्टिल करा.

आणि ही वॉर्निंग ईईसाठी खास आहे: रिॲक्शनचा ईई हवा असेल तर मोजायच्या आधी क्रिस्टलाईझ करू नका. क्रिस्टलमध्ये ईई एक असतो आणि मदर लिकरमध्ये (क्रिस्टल गाळून उरलेल्या द्रावणात) दुसराच. साध्या सिलिका कॉलमनेसुद्धा असं होऊ शकतं, एकाच स्पॉटच्या पहिल्या फ्रॅक्शनचा आणि शेवटच्या फ्रॅक्शनचा ईई वेगळा निघाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून प्रॉडक्टची सगळी फ्रॅक्शन्स एकत्र करा आणि मगच त्यातून सॅम्पल घ्या. मधलं छान स्वच्छ फ्रॅक्शन तेवढं उचलायचा मोह होतो, तो टाळा.

२. लिटरेचर व्हॅल्यू आधी, सॉल्व्हंट नंतर

बहुतेकजण उलटं करतात. जो सॉल्व्हंट समोर आहे त्यात विरघळवतात, रीडिंग घेतात आणि मग रात्री लिटरेचर शोधतात, आणि तेव्हा कळतं की पेपरमध्ये क्लोरोफॉर्म आहे आणि आपण मिथेनॉल वापरलंय. स्पेसिफिक रोटेशन हा मेल्टिंग पॉइंटसारखा कंपाउंडला चिकटलेला एकच आकडा नाही. तो सॉल्व्हंटवर, कॉन्सन्ट्रेशनवर, टेम्परेचरवर, लाईटच्या वेव्हलेंग्थवर बदलतो.

हे किती महाग पडतं त्याचं उदाहरण बघा. एस-१-फिनाइलइथाइलअमाईन सॉल्व्हंटशिवाय, नुसतं लिक्विड मोजलं तर साधारण −४० येतं. तेच इथेनॉलमध्ये सी १० ला (सी म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, स्टेप ३ बघा) साधारण −३० येतं. आता तुम्ही इथेनॉलमध्ये मोजलं, −२९ आलं, आणि पुस्तकातल्या −४०.३ ने भागलं तर ७२ टक्के. बरोबर व्हॅल्यूने भागलं असतं तर जवळजवळ ९७ टक्के. सॅम्पल तेच, मेहनत तीच, फक्त खालचा आकडा चुकला.

मॅलिक ॲसिडची गंमत अजून वेगळी. एल-मॅलिक ॲसिड पाण्यात पातळ सोल्युशनमध्ये मायनस आणि खूप घट्ट सोल्युशनमध्ये प्लस दाखवतं. म्हणून सी जुळवणं ही फॉर्मॅलिटी नाही.

तर लिटरेचरमधून या पाच गोष्टी वहीत उतरवा: व्हॅल्यू चिन्हासकट, सॉल्व्हंट, सी, टेम्परेचर, आणि त्या सॅम्पलचा ईई. पाचवी गोष्ट लोक विसरतात. पेपरमध्ये −३८ लिहिलंय आणि शेजारी ९२ टक्के ईई लिहिलंय तर शुद्ध एनन्शिओमरची व्हॅल्यू −३८ नाही, ती ३८ भागिले ०.९२ म्हणजे साधारण −४१.३ होणार. दोन-तीन पेपर बघा, आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर विश्वास ठेवा.

३. सोल्युशन बनवा

सी म्हणजे १०० एमएल सोल्युशनमध्ये किती ग्रॅम. मोलॅरिटी नाही, १०० एमएल सॉल्व्हंटमध्ये पण नाही. ५० मिलीग्रॅम ५ एमएलच्या फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत भरलं की सी १ झाला. २५० मिलीग्रॅम १० एमएलमध्ये म्हणजे सी २.५.

आधी सॅम्पल फ्लास्कमध्ये, मग थोडा सॉल्व्हंट, पूर्ण विरघळलं की मग खुणेपर्यंत. १ एमएलमध्ये १० मिलीग्रॅम असं छोटं सोल्युशन करायला सगळ्यांना आवडतं कारण सॅम्पल वाचतं, पण तिथे वजनात १ मिलीग्रॅम इकडे-तिकडे झालं की १० टक्के एरर बसलाच. सॅम्पल परत मिळवता येतं, रोटेशन घेऊन झालं की सॉल्व्हंट उडवा आणि वायलमध्ये परत घ्या, त्यामुळे जरा जास्त वापरायला घाबरू नका.

क्लोरोफॉर्म असेल तर उघडा ठेवू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात एसी बंद असलेल्या लॅबमध्ये तो डोळ्यांदेखत उडतो आणि तुमचा सी वाढत जातो. शिवाय बाजारातल्या क्लोरोफॉर्ममध्ये स्टॅबिलायझर म्हणून बऱ्याचदा थोडं इथेनॉल असतं आणि जुन्या बाटलीत ॲसिडचे अंश असतात, ॲसिडला नाजूक कंपाउंड असेल तर नवी बाटली घ्या.

सोल्युशन गढूळ दिसलं, कण दिसले तर फिल्टर करा. फार रंगीत असेल तर पातळ करा, कारण ५८९ वर लाईटच शोषली गेली तर डिटेक्टरला मोजायला काही उरत नाही आणि डिजिटल मशीन मग वाटेल तो आकडा दाखवतं.

साखर मोजणार असाल तर वेळेचं भान ठेवा. अल्फा-डी-ग्लुकोज पाण्यात टाकल्या-टाकल्या +११२ च्या आसपास असतं आणि हळूहळू उतरत +५२.७ ला येऊन थांबतं. हे म्युटारोटेशन, मशीनचा ड्रिफ्ट नाही. सोल्युशन रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी मोजा.

४. मशीन तापू द्या आणि झिरो बघा

सोडियम लॅम्प लावल्यावर आधी गुलाबीसर दिसतो, मग हळूहळू पिवळा होतो. पूर्ण पिवळा होऊन स्थिर व्हायला १०-१५ मिनिटं द्या. मध्येच लाईट गेली तर परत तेवढाच वेळ थांबायचं, घाई करून काही होत नाही. पावसाळ्यात जोरदार गडगडाट चालू असेल तर मी सरळ दुसऱ्या दिवसाचा स्लॉट घेते.

मग त्याच ट्यूबमध्ये नुसता सॉल्व्हंट भरून ब्लँक घ्या. ट्यूब न ठेवताच झिरो करणं पुरेसं नाही, ट्यूबच्या काचांचापण थोडा वाटा असतो. ब्लँकचा आकडा चिन्हासकट लिहा.

दिवसाची सुरुवात मी सुक्रोजने करते. २.५ ग्रॅम सुक्रोज २५ एमएल पाण्यात, म्हणजे सी १०, २ डेसिमीटरच्या ट्यूबमध्ये +१३.३ अंशांच्या जवळ यायला हवं, १ डेसिमीटरमध्ये त्याच्या निम्मं, कारण सुक्रोजचं स्पेसिफिक रोटेशन +६६.५ आहे. साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये रसाचं आणि साखरेचं पोल (सुक्रोजचं प्रमाण) याच तत्त्वावर मोजतात. सोल्युशन रोज ताजं करा, आपल्या हवेत साखरेचं पाणी दोन दिवसांत खराब होतं.

टेम्परेचरबद्दल एक गोष्ट फक्त आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावी लागते. पेपरमध्ये २० अंश लिहिलंय म्हणून तुम्ही जॅकेटवाल्या ट्यूबमधून २० अंशांचं पाणी फिरवलं आणि खिडकी उघडी आहे, बाहेर पाऊस चालू आहे, तर ट्यूबच्या काचेवर बाहेरून दव धरतं. बारीक धुकं असतं, सहज दिसत नाही, पण रीडिंग नाचायला लागतं. एसी आधी तासभर चालू ठेवा किंवा २५ अंशांना मोजा आणि तसं स्पष्ट लिहा. बहुतेक कंपाउंडना पाच अंशांनी फारसा फरक पडत नाही, टार्टारिक ॲसिडसारख्यांना पडतो.

टेम्परेचरचा विषय निघालाच आहे तर सांगते, पाश्चरने १८४८ मध्ये सोडियम अमोनियम टार्टरेटचे उजवे-डावे क्रिस्टल हाताने वेगळे केले ते शक्य झालं कारण ते साधारण २७ अंशांच्या खाली वाढले होते. त्याच्या वर ते सॉल्ट वेगळे क्रिस्टल देतच नाही, दोन्ही एकत्रच बसतात. पंख्यावर चालणाऱ्या आपल्या मे महिन्यातल्या लॅबमध्ये तो प्रयोग झालाच नसता. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून लिहिली.

५. ट्यूब भरा

आधी थोड्या सोल्युशनने ट्यूब दोनदा विसळा, मग भरा. काठोकाठ भरून काच बाजूने सरकवत बसवा म्हणजे बुडबुडा राहत नाही. राहिलाच तर ट्यूब तिरकी करून फुगीर भागात न्या, लाईटच्या वाटेत बुडबुडा नको.

टोपी घट्ट पिळू नका! गळणार नाही इतकीच बसवा. जास्त आवळली की काचेवर ताण येतो आणि ताणलेली काच स्वतःच पोलराइज्ड लाईटशी खेळते, म्हणजे कंपाउंड नसतानाही रोटेशन दिसू शकतं. काचा बाहेरून टिश्यूने पुसा, बोटांचे ठसे नकोत. क्लोरोफॉर्म वापरताना रबरी वॉशर फुगतो, टेफ्लॉनचा आहे का ते विचारून घ्या.

६. रीडिंग घ्या

डिजिटल असेल तर ट्यूब ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या, पाच-सहा रीडिंग घेऊन सरासरी काढा. ट्यूब काढून अर्धा फेरा फिरवून परत ठेवा आणि परत बघा, आकडा बदलला तर काचेत किंवा भरण्यात गडबड आहे.

मॅन्युअलमध्ये आयपीसमधून गोल दोन किंवा तीन भागांत दिसतो. ॲनालायझर फिरवत सगळे भाग एकसारखे दिसतात ती जागा शोधायची. इथे नवीन मुलं नेहमी फसतात, कारण एकसारखं दिसणाऱ्या जागा दोन प्रकारच्या असतात, एक उजळ आणि एक अंधुक. तुम्हाला अंधुकवाली हवी. तिथे थोडंसं जरी फिरवलं तरी एक भाग पटकन काळा आणि दुसरा उजळ होतो, उजळवाल्या जागेत बरंच फिरवलं तरी काही कळत नाही. व्हर्नियर बहुतेक मशीनवर ०.०५ अंशाचा असतो पण तुमच्या मशीनचा स्वतः तपासा. एकदा डावीकडून येत आणि एकदा उजवीकडून येत रीडिंग घ्या, डोळा थकला की दोन मिनिटं बाहेर बघून या. खोलीत अंधार असला तर फार सोपं जातं.

७. १८० अंशांची गफलत

पोलारिमीटरला +१०४ आणि −७६ यातला फरक कळत नाही, कारण १८० अंशांनी फिरवलेलं प्रतल तेच प्रतल. संत्र्याच्या सालीतलं आर-लिमोनीन सॉल्व्हंटशिवाय १ डेसिमीटरच्या ट्यूबमध्ये भरा, स्पेसिफिक रोटेशन १२४ च्या आसपास, डेन्सिटी ०.८४, म्हणजे खरं रोटेशन साधारण +१०४. पण जे मशीन फक्त −९० ते +९० दाखवतं ते तुम्हाला −७६ दाखवणार आणि तुम्ही लिहिणार की सॅम्पल डावीकडे फिरवतंय.

उपाय सोपा: तेच सॅम्पल अर्ध्या लांबीच्या ट्यूबमध्ये मोजा. खरं +१०४ असेल तर +५२ येईल, खरं −७६ असेल तर −३८ येईल. अर्ध्या लांबीची ट्यूब नसेल तर सोल्युशन निम्मं पातळ करा. नवीन कंपाउंड असेल तर ही तपासणी केल्याशिवाय चिन्ह लिहू नका.

८. स्पेसिफिक रोटेशन काढा

सोल्युशनसाठी:

स्पेसिफिक रोटेशन = (१०० × मोजलेलं रोटेशन) ÷ (ट्यूबची लांबी डेसिमीटरमध्ये × सी)

नुसत्या लिक्विडसाठी १०० आणि सी काढून टाका, त्या जागी डेन्सिटी:

स्पेसिफिक रोटेशन = मोजलेलं रोटेशन ÷ (लांबी डेसिमीटरमध्ये × डेन्सिटी)

लांबी डेसिमीटरमध्ये म्हणजे डेसिमीटरमध्येच. १० सेंमीच्या ट्यूबसाठी १० टाकलं की उत्तर दहापट कमी येणार. आणि काही पुस्तकांत कॉन्सन्ट्रेशन ग्रॅम पर एमएल धरतात, तिथे वरचा १०० नसतो. दोन्ही सूत्रं मिसळू नका, एक निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता पूर्ण उदाहरण करू. आर-मॅन्डेलिक ॲसिड, ०.२५०० ग्रॅम, पाण्यात १० एमएल, म्हणजे सी २.५०. ट्यूब १ डेसिमीटर. रीडिंगची सरासरी −३.२१, ब्लँक +०.०२. ब्लँक वजा करायचा, तर −३.२१ − ०.०२ = −३.२३. (ब्लँक मायनस असेल तर वजाचं वजा होऊन बेरीज होते, इथे घाईत चिन्ह उलटं होतं.)

१०० × (−३.२३) ÷ (१ × २.५०) = −१२९.२

९. ईई काढा

रोटेशनवरून काढलेल्या ईईला ऑप्टिकल प्युरिटी म्हणतात (दोन्हीतला फरक स्टेप १० मध्ये):

ऑप्टिकल प्युरिटी = (तुमचं स्पेसिफिक रोटेशन ÷ शुद्ध एनन्शिओमरचं स्पेसिफिक रोटेशन) × १००

त्याच सी २.५ ला पाण्यात २० अंशांची लिटरेचर व्हॅल्यू −१५३ धरली तर १२९.२ ÷ १५३ = ८४.४ टक्के.

याचा अर्थ ८४.४ टक्के आर आहे असा होत नाही. हा घोटाळा व्हायव्हामध्ये इतक्या वेळा होतो की वेगळा सांगते. ईई म्हणजे एकाचा दुसऱ्यावरचा अधिकपणा, आर वजा एस. उरलेला १५.६ टक्के रॅसेमिक आहे आणि त्यातही निम्मा आर आहेच. म्हणून:

मुख्य एनन्शिओमर = ५० + (ईई ÷ २) = ५० + ४२.२ = ९२.२ टक्के
दुसरा = ७.८ टक्के

उलट तपासा: ९२.२ − ७.८ = ८४.४. जुळलं. ६० टक्के ईई म्हणजे ८०:२०, ९० टक्के म्हणजे ९५:५, हे दोन पाठ असू द्या, बाकीचा अंदाज आपोआप येतो.

लिक्विडचंपण एक घ्या. टार्टारिक ॲसिडने वेगळं केलेलं १-फिनाइलइथाइलअमाईन, ०.५ डेसिमीटरची ट्यूब, डेन्सिटी ०.९४, रोटेशन −१७.१. तर −१७.१ ÷ ०.४७ = −३६.४. भागिले −४०.३ म्हणजे ९०.३ टक्के, एस साधारण ९५.२ आणि आर ४.८. मिथेनॉलमध्ये नैसर्गिक प्लस टार्टारिक ॲसिडबरोबर जे सॉल्ट खाली बसतं ते मायनस अमाईनचं असतं, त्यामुळे तुमचं चिन्ह प्लस आलं तर आधी बाटल्यांची लेबलं तपासा.

१०. या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

समजा कंपाउंडचं स्पेसिफिक रोटेशन ४० आहे आणि तुम्ही सी ०.२ घेतला. १ डेसिमीटरमध्ये रोटेशन येणार ०.०८ अंश. मशीन ०.०१ ने इकडे-तिकडे झालं तरी १२ टक्क्यांचा फरक, म्हणजे तुमचा ९० टक्के ईई खरं तर ७९ पण असू शकतो आणि १०१ पण. तेच सी २ घेतला तर रोटेशन ०.८ आणि एरर साधारण सव्वा टक्का. म्हणून निदान अर्धा अंश, शक्यतो एक अंश रोटेशन येईल असा सी आणि ट्यूब निवडा. आणि रिपोर्टमध्ये ८४.४३७ टक्के लिहू नका, वजन आणि मशीन तेवढं खरं सांगतच नाहीत.

ईई १०० च्या वर आला तर घाबरू नका, पण दडपूनही टाकू नका. कारणं ठरलेली असतात: सॉल्व्हंट उडून सी वाढलाय, लिटरेचरचं सॅम्पलच कमी शुद्ध होतं, टेम्परेचर किंवा सॉल्व्हंट वेगळा, किंवा जास्त रोटेशनवाली कायरल अशुद्धी (कायरल कॅटॅलिस्टचा किंवा ऑक्झिलरीचा उरलेला अंश) आत आहे. शेवटचं कारण कपटी आहे, थोड्या अंशानेही आकडा हलतो.

अजून एक मूळ मुद्दा. ऑप्टिकल प्युरिटी आणि ईई सारखेच असतात हे गृहीत आहे, नियम नाही. होरो नावाच्या फ्रेंच केमिस्टने १९६९ मध्ये दाखवलं की २-इथाइल-२-मिथाइलसक्सिनिक ॲसिडचं रोटेशन ईईच्या सरळ प्रमाणात जात नाही, कारण सोल्युशनमध्ये रेणू एकमेकांना धरून जोड्या बनवतात. कार्बोक्सिलिक ॲसिडसारखी हायड्रोजन बाँड करणारी कंपाउंड्स कमी पोलर सॉल्व्हंटमध्ये असली की हे लक्षात असू द्या. मी तर पोलारिमीटरवरून आलेल्या आकड्याला वहीत ऑप्टिकल प्युरिटीच म्हणते आणि ईई हा शब्द एचपीएलसीसाठी राखून ठेवते.

११. कायरल एचपीएलसीने पक्कं करा

सोय असेल तर हे कराच. कायरलसेल ओडी-एच, कायरलपॅक एडी-एच असे कॉलम असतात, हेक्झेन-आयसोप्रोपेनॉल ९०:१० पासून सुरुवात करता येते. इथे रोटेशन नाही, दोन एनन्शिओमरचे दोन वेगळे पीक येतात आणि त्यांचं क्षेत्रफळ थेट प्रमाण सांगतं, कारण दोघांचा यूव्ही रिस्पॉन्स सारखाच.

पण आधी रॅसेमिक इंजेक्ट करा. ते नसेल तर तुम्हाला एक पीक दिसेल आणि तुम्ही खूश होऊन ९९ टक्के लिहाल, प्रत्यक्षात दोन्ही एकावर एक बसलेले असतील. कायरल अल्कोहोल असेल तर रॅसेमिक बनवणं सोपं आहे, त्याचं किटोन घेऊन सोडियम बोरोहायड्राइडने रिड्यूस करा. रॅसेमिकचे दोन पीक वेगळे आणि ५०:५० च्या जवळ आले की मगच तुमचं सॅम्पल.

समजा क्षेत्रफळं ४८६२ आणि १३८ आली. फरक ४७२४, बेरीज ५०००, ईई ९४.५ टक्के. छोटा पीक मोठ्याच्या शेपटीत लपला असेल तर इंटिग्रेशन हाताने तपासा, ऑटोवर सोडू नका.

कोटेड कॉलमला (वरचे दोन्ही तसलेच) क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन, इथाइल ॲसिटेट, टीएचएफ, ॲसिटोन हे सगळे मारक. पोलारिमीटरसाठी क्लोरोफॉर्ममध्ये बनवलेलं सोल्युशन तसंच एचपीएलसीला घालू नका. पूर्ण सुकवा आणि मोबाईल फेजमध्ये परत विरघळवा. हे कॉलम फार महाग असतात आणि अख्खा डिपार्टमेंट एकावर अवलंबून असतो.

१२. वहीत आणि थिसिसमध्ये कसं लिहायचं

चिन्ह, आकडा, डी लाईन, टेम्परेचर, सी आणि सॉल्व्हंट, सगळं एका ओळीत. उदाहरणार्थ: डी लाईन, २५ अंश, −१२९.२ (सी २.५०, पाणी). यातलं एक जरी राहिलं तरी पुढच्या माणसाला तुमचा आकडा वापरता येत नाही. ईई कसा काढला, रोटेशनवरून की एचपीएलसीवरून, तेपण लिहा. कच्ची रीडिंग्ज, ब्लँक आणि वजनं वहीत तशीच ठेवा, खोडू नका.

हाताला सवय व्हावी म्हणून किमती कंपाउंडच्या आधी दुकानातला पूजेचा कापूर घ्या, इथेनॉलमध्ये सी १० करा आणि मोजा. नैसर्गिक प्लस कापराचं स्पेसिफिक रोटेशन साधारण +४४ असतं, पण बाजारातला कापूर बहुतेक टर्पेंटाईनपासून बनवलेला सिंथेटिक असतो, त्यामुळे रोटेशन शून्याच्या आसपास किंवा अगदीच कमी येतं. वरच्या सगळ्या स्टेप्स त्यावर एकदा करून बघा, ईईसकट.

काम झालं की ट्यूब लगेच रिकामी करा, त्याच सॉल्व्हंटने दोन-तीनदा धुवा, टोप्या उघड्या ठेवून साध्या हवेत सुकवा. ओव्हनमध्ये ठेवू नका, लांबी बदलते किंवा जोड सुटतो. वॉशर आणि काचा मोजून डब्यात ठेवा, लॉगबुकमध्ये सॉल्व्हंटचं नाव लिहा, आणि लॅम्प बंद करायच्या आधी पुढे कोणाचा स्लॉट आहे का ते विचारा.